तिकीट खरं आहे, फोन वाचत नाही: मंडईच्या फाटकावरच्या पोरांसाठी

रात्रीचे साडेनऊ. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत कनाती लावून नाटकाचं थिएटर उभं राहिलेलं. आत हार्मोनियमचा सूर लागतोय, बाहेर फाटकावर रांग. शेजारच्या गावातून लेक-नातवंडं घेऊन आलेला एक म्हातारा आपला फोन पुढे करतो. त्यावर मुलानं पुण्याहून पाठवलेलं तिकीट. फाटकावरचा पोरगा त्यावर स्वतःचा फोन धरतो. काहीच होत नाही. जवळ नेतो, दूर नेतो, आडवा धरतो, उभा धरतो. मागून कुणीतरी म्हणतं, "नकली असंन." म्हातारा ओशाळतो. "पैसे देऊन घेतलं ना बाबू, नकली कसं राहीन?"

हा लेख त्या पोरासाठी आहे. आंधळगाव, मोहाडी, तुमसर किंवा आसपासच्या कुठल्याही गावात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या नाटकाला, बैलांच्या शंकरपटाला, ऑर्केस्ट्राला आयोजक मंडळानं क्यूआर कोडचं तिकीट काढलं, की फाटकावर उभं राहणाऱ्याला काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. त्यातली पहिली आत्ताच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे: फोननं कोड वाचला नाही, एवढ्यावरून तिकीट खोटं ठरत नाही. खरं-खोटं कोड वाचल्यानंतर ठरतं. वाचलाच गेला नसेल, तर अजून काहीच ठरलेलं नाही.

आपलं फाटक वेगळं आहे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेली झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीला जागी होते आणि होळीपर्यंत जागी राहते. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात, नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. या रंगभूमीवर उभं आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा देशाचं लक्ष इकडे वळलं. आपल्या लोकांना त्याआधीही तिची किंमत ठाऊक होती. ते पदरचे पैसे मोडून तिकीट काढत आले आहेत.

क्यूआर तिकिटाच्या सोयी पुष्कळ. बाहेरगावी कामाला असलेल्या मुलाला आई-बापासाठी तिथूनच तिकीट काढता येतं, मंडळाला किती खुर्च्या भरल्या ते त्या क्षणी कळतं, एकच तिकीट दोघांना वापरता येत नाही. पण या तिकिटाबद्दलच्या सूचना बहुधा शहरातल्या सभागृहाच्या दारासाठी लिहिलेल्या असतात. तिथे दिवे लखलखीत असतात आणि जमीन फरशीची असते. आपल्याकडे थंडीची रात्र, पडणारं दंव, बांधीतली धूळ, दूरचा एकच हॅलोजन आणि एका टॉवरवर तुटून पडलेली हजारभर माणसं. म्हणून आपल्या अडचणी वेगळ्या आणि उपायांचा क्रमही वेगळा.

त्या चौकोनात असतं काय

दुकानात आपण "स्कॅनर कुठं आहे?" असं विचारतो आणि भिंतीवरच्या कागदाकडे बघतो. खरं तर वाचणारा तो स्कॅनर, म्हणजे फोन. कागदावर असतो तो कोड. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तो तयार केला, मोटारीच्या कारखान्यातल्या सुट्या भागांची नोंद भराभर व्हावी म्हणून. म्हणजे हा कोड मुळातच हातघाईच्या जागेसाठी जन्मला आहे.

कोडाच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतात. कॅमेरा सगळ्यात आधी तेच शोधतो. ते सापडले की कोड कुठे आहे, किती मोठा आहे आणि कुठल्या बाजूला फिरलेला आहे, हे फोनला कळतं. त्यामुळे कोड उलटा असो की तिरका, फरक पडत नाही. फाटकावर फोन गोल गोल फिरवण्यात जो वेळ जातो, तो वाया जातो.

बाकीचा भाग बारीक काळ्या-पांढऱ्या घरांचा. आंधळगाव हे कोसा रेशमाच्या विणकरांचं गाव, तेव्हा हे तिथे सांगायला सोपं आहे. करवतकाठी साडीच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. त्यातले दोन-चार धागे तुटले, तरी जाणता विणकर मागची-पुढची वीण पाहून तिथे काय होतं ते सांगतो. कोडही तसाच विणलेला असतो. मूळ माहितीसोबत तिची पडताळणी करणारी जादा माहिती त्यात भरलेली असते. ती किती भरायची याचे चार स्तर आहेत. सर्वांत खालच्या स्तरात सुमारे ७ टक्के आणि सर्वांत वरच्या स्तरात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. मात्र डाग मधे पडला तर चालतो, कोपऱ्यातला मोठा चौकोन गेला तर अवघड होतं. तिकीट घडी करून खिशात ठेवलं आणि घडी नेमकी त्या चौकोनावर आली, की फोन गोंधळतो.

आणि साडीला काठ असतो, तसा कोडालाही हवा. चारही बाजूंना किमान चार घरांएवढी कोरी जागा सोडावी असा नियम आहे. ती नसेल तर कोड कुठे संपला आणि कागदावरचं चित्र कुठे सुरू झालं, हे फोनला उमगत नाही.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा

घाईत माणूस एकदम पाच गोष्टी बदलतो: ॲप बंद करतो, टॉर्च लावतो, फोन पुसतो, नेट चालू-बंद करतो. त्यातल्या कशानं काम झालं ते कळत नाही आणि पुढच्या माणसाला तोच घोळ होतो. त्यापेक्षा दोन प्रश्न विचारा. दोन्हीला मिळून अर्धं मिनिट लागतं.

पहिला प्रश्न: हाच फोन दुसरं तिकीट वाचतो का? वाचत असेल, तर तुमचा फोन ठीक आहे आणि अडचण समोरच्या तिकिटात आहे. दुसरा प्रश्न: हेच तिकीट दुसऱ्या फोननं वाचलं जातं का? जात असेल, तर तिकीट ठीक आहे आणि तुमच्या फोनकडे बघायला हवं. दोन्ही फोन कुठलंच तिकीट वाचत नसतील, तर उजेड कमी आहे किंवा ॲप बिघडलं आहे.

त्याच्या जोडीला आणखी एक कसोटी आहे. फोनचा नेहमीचा कॅमेरा किंवा गूगल लेन्स त्या कोडावर धरा. त्यानं आकडे दाखवले आणि मंडळाचं ॲप मात्र गप्प राहिलं, तर कॅमेरा आणि तिकीट दोन्ही चांगले आहेत, बिघाड ॲपमध्ये आहे. इथे एक काळजी घ्या. नेहमीच्या कॅमेऱ्यानं आकडे दाखवले, की काही पोरं माणसाला आत सोडतात. पण तो कॅमेरा फक्त वाचतो, तिकीट विकलं गेलं होतं का आणि आधी वापरलं गेलं का हे त्याला ठाऊक नसतं. ती नोंद मंडळाच्या ॲपमध्ये किंवा यादीत असते.

कॅमेरा उघडतच नाही, पडदा काळा राहतो

मंडई वर्षातून एकदा येते, आणि काळ्या पडद्याचं एक मोठं कारण तिथेच आहे. गेल्या दिवाळीला टाकलेलं ॲप वर्षभर कुणी उघडत नाही. अँड्रॉइड फोन असं काही महिने न वापरलेलं ॲप हेरतात आणि त्याला दिलेल्या परवानग्या आपणहून काढून घेतात. यंदा ॲप उघडलं, की कॅमेऱ्याची परवानगी गेलेली असते. सेटिंग्जमध्ये जा, ॲप्स उघडा, त्या ॲपचं नाव शोधा, परवानग्या बघा आणि कॅमेऱ्याला ॲप वापरत असताना मुभा द्या. आयफोनवर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या नावाखाली कॅमेऱ्याचं बटण असतं, ते चालू करा.

परवानगी असूनही पडदा काळा असेल, तर वरून खाली ओढायच्या पट्टीत बघा. अँड्रॉइड १२ पासून तिथे सगळ्याच ॲपसाठी कॅमेरा एकदम बंद करणारं बटण देता येतं. मुलांच्या हातून ते दाबलं जातं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. 

तिसरं कारण म्हणजे कॅमेरा दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलेला असणं. व्हिडिओ कॉल अर्धवट मागे राहिला असेल, रील काढता काढता ॲप तसंच सोडलं असेल, तर तुमच्या ॲपला कॅमेरा मिळत नाही. नव्या फोनवर कॅमेरा चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. ती दिसली की मागची सगळी ॲप्स बंद करा. तरी जमलं नाही, तर फोन बंद करून पुन्हा चालू करा. रांग असताना हे नको वाटतं, पण अडलेला कॅमेरा मोकळा करण्याचा हा खात्रीचा उपाय आहे. तेवढ्या वेळात दुसरा फोन फाटकावर असावा.

मंडळाचं स्कॅनिंग ॲपवर नसून एखाद्या संकेतस्थळाच्या पानावर असेल, तर आणखी दोन गोष्टी तपासा. https नं सुरू न होणाऱ्या, म्हणजे असुरक्षित पत्त्याच्या पानाला ब्राउझर कॅमेरा देत नाही. आणि तुम्ही घाईत एकदा "नको" म्हटलं असेल, तर तो पुन्हा विचारत नाही. पत्त्याशेजारच्या खुणेवर दाबून ती परवानगी स्वतः बदलावी लागते. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या आत उघडलेल्या पानावर कॅमेरा बऱ्याचदा अडतो. तोच पत्ता क्रोममध्ये किंवा सफारीत उघडा.

चित्र दिसतं, पण धूसर

सर्वांत आधी कॅमेऱ्याची काच पुसा. दिवसभर शेतात, खळ्यावर, मंडईच्या धुळीत फिरलेला फोन असतो. खर्रा घोटलेल्या किंवा भजी खाल्लेल्या बोटांचा ठसा काचेवर बसला, की प्रत्येक दिव्याभोवती प्रभा दिसते आणि कोडाची घरं एकमेकांत मिसळतात. आधी फुंकर घालून धूळ उडवा, नाहीतर पुसताना कणांचे चरे पडतात. मग गळ्यातल्या दुपट्ट्याचं स्वच्छ, सुती टोक घ्या आणि हलक्या हातानं पुसा. दंवाच्या रात्री हे दर थोड्या वेळानं करावं लागेल. फोन टेबलावर ठेवायचा तर काच वर करून ठेवू नका. फोनला जाडजूड कव्हर असेल तर त्याची कड काचेवर सरकली आहे का, तेही बघा.

दुसरी गोष्ट अंतर. नवखा माणूस कोड वाचला नाही की फोन अधिकाधिक जवळ नेतो. पण डोळ्याला चिकटवलेलं पुस्तक आपल्याला वाचता येत नाही, तसंच कॅमेऱ्याचं आहे. फार जवळच्या वस्तूवर त्याची नजर ठरत नाही, आणि महागड्या नव्या फोनांच्या मुख्य कॅमेऱ्याला तर आणखी लांबून बघावं लागतं. सोपं माप असं: कोड जेवढा रुंद, त्याच्या दसपट अंतर. अडीच सेंटिमीटरच्या कोडाला पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत. विणकराच्या घरातल्या मुलाला वीत कुणी शिकवायला नको. एक वीत अंतर ठेवा, दोन श्वास फोन स्थिर धरा, आणि तरीही धूसर दिसलं तर पडद्यावर कोडाच्या मधोमध बोट टेकवा. नजर तिथे ठरते.

तिसरी गोष्ट, हल्ली एका फोनला मागे दोन-तीन कॅमेरे असतात. ब्राउझरमधलं स्कॅनर कधीकधी चुकीचा कॅमेरा निवडतं, रुंद बघणारा किंवा थेट समोरचा सेल्फीचा. पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसला तर कारण उघड आहे. पण सगळं चित्र फार लहान आणि लांब दिसत असेल, तर रुंद कॅमेरा लागला आहे हे ओळखा आणि कॅमेरा बदलायचं बटण शोधा.

रात्रीचा उजेड

अंधारात टॉर्च लावावा असं वाटणं साहजिक आहे. पण कागदाचं तिकीट आणि फोनवरचं तिकीट यांना वेगवेगळा उजेड लागतो.

कागदाच्या तिकिटाला बाहेरून प्रकाश हवा. टॉर्च चालेल, पण तो समोरून सरळ पडला तर गुळगुळीत कागदावर पांढरा झोत उमटतो आणि नेमका कोड झाकला जातो. तिकीट थोडं तिरकं धरा, किंवा टॉर्च दुसऱ्याच्या हातात बाजूनं द्या. प्लास्टिकच्या पाकिटातलं तिकीट बाहेर काढायला सांगा.

फोनवरच्या तिकिटाला स्वतःचा उजेड असतो. तिथे तुमचा टॉर्च बंद करा, कारण तो समोरच्या काचेवरून उलटून तुमच्याच कॅमेऱ्यात येतो. समोरच्या माणसाला पडद्याची चमक वाढवायला सांगा. मंद केलेले काही पडदे डोळ्याला न कळणाऱ्या वेगानं लुकलुकतात आणि कॅमेऱ्यात त्यावर काळे पट्टे दिसतात. चमक वाढवली की ते पट्टे जातात. उलट गडद काळोखात फार चमकणारा पडदा कॅमेऱ्याला नुसता पांढरा गोळा दिसतो. तेव्हा पडद्यावरच्या कोडावर बोट टेकवा, म्हणजे कॅमेरा उजेडाचा अंदाज त्यावरून घेतो.

या सगळ्यावर मंडळानं एकच गोष्ट करावी. फाटकाच्या टेबलावर डोक्याच्या थोडं वर, माणसाच्या पाठीमागून नव्हे तर बाजूनं उजेड पडेल असा एक साधा दिवा बांधावा. मंडपाच्या खर्चात हा दिवा कुणाला दिसणारही नाही, आणि निम्म्या तक्रारी त्याच्या उजेडात आपोआप मिटतील. बॅटरीकडेही लक्ष असू द्या; ती फार उतरली की बरेच फोन टॉर्च लावू देत नाहीत.

अडचण तिकिटातच असेल तर

आता समोरच्या माणसाच्या फोनकडे या. तिकीट बहुतेकदा व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत आलेलं असतं. मुलानं मित्राला, मित्रानं भावाला, भावानं बापाला. प्रत्येक वेळी फोटो म्हणून पाठवताना चित्र दाबलं जातं आणि बारीक घरांच्या कडा विरतात. त्यातच कुणीतरी फोटो कापून फक्त कोड ठेवलेला असतो, म्हणजे कोरा काठ गेला. शक्य असेल तर मूळ संदेश किंवा पीडीएफ उघडायला सांगा. नसेल तर चित्र दोन बोटांनी थोडं लहान करून बघा. कोडाभोवती जागा मोकळी झाली की पुष्कळदा तो लगेच वाचला जातो.

पडदा काळा आणि अक्षरं पांढरी ठेवणाऱ्या फोनवर कधी कोडही उलट्या रंगाचा दिसतो, काळ्या जागी पांढरा. काही स्कॅनरना असा कोड वाचता येत नाही. फोनचा गडद रंग बंद केला की काम होतं. बाजूनं बघणाऱ्याला पडदा काळा दिसावा म्हणून लावलेली काच असेल, तर अगदी समोरून धरा. काच तडकलेली असेल, तर कोड तडा नसलेल्या भागाकडे सरकवा.

हे करताना त्या माणसाचा फोन विचारल्याशिवाय हातात घेऊ नका. आपल्याकडे फोनात बँकेचे निरोप असतात, घरचे फोटो असतात. "काकाजी, जरा चमक वाढवता का?" असं म्हणून त्यांच्याच हातून करून घ्या. आजीबाईंना जमत नसेल, तर त्यांच्या सोबतच्या नातीला सांगा.

कोड वाचला, पण ॲप नाही म्हणतं

'आधीच वापरलेलं' असं आलं, तर घाबरू नका आणि कुणावर आवाजही चढवू नका. एकदा नीट वाचलेला कोड हात हलल्यामुळे लगेच दुसऱ्यांदा वाचला गेला, तरी ॲप हेच सांगतं. आधीच्या नोंदीची वेळ बघा. काही सेकंदांपूर्वीची असेल तर ते तिकीट याच माणसाचं आहे. अर्ध्या तासापूर्वीची असेल, तर ते दुसऱ्या कुणी वापरलं आहे. माणसाला रांगेतून बाजूला घ्या, खुर्ची द्या आणि पैसे भरल्याचा संदेश शांतपणे बघा. तिकिटाचा फोटो कुणी हौसेनं स्टेटसवर टाकला असेल, तर तो पाहणाऱ्या कुणालाही वापरता येतो. यात फसलेला माणूस समोर उभा असण्याची शक्यता मोठी आहे.

चाक नुसतंच फिरत राहिलं, तर दोष नेटचा. एरवी गावात नेट चालतं, पण मंडईला पाहुणे आले की एकाच टॉवरवर सगळ्यांचा भार येतो. म्हणून नेट नसतानाही चालेल असं ॲप घ्या आणि तिकिटांची यादी संध्याकाळीच फोनात उतरवून ठेवा. मात्र नेट नसलेले दोन फोन एकमेकांशी बोलत नाहीत. एका फाटकावर वापरलेलं तिकीट दुसऱ्या फाटकावर नवंच वाटतं. त्यावर युक्ती सोपी आहे: खुर्चीची तिकिटं एका फाटकावर, जमिनीची दुसऱ्या फाटकावर. एक तिकीट एकाच फोनकडे जाणार असेल, तर गोंधळ उरत नाही.

फोनचं घड्याळही बघा. तारीख चुकलेली असेल तर सुरक्षित पानं उघडत नाहीत आणि खरं तिकीट "मुदत संपली" असं दिसू शकतं. वेळ आपोआप ठरू द्या.

छापण्याआधीच निम्मं काम होतं

तिकीट काढणाऱ्या कार्यकर्त्यानं काही गोष्टी पाळाव्यात. कोडात लांबलचक पत्ता भरू नका, छोटा क्रमांक भरा. कोडाचा सर्वांत लहान आकार २१ गुणिले २१ घरांचा असतो आणि जादा माहितीच्या मध्यम स्तरावरही त्यात ३४ अंक मावतात. सर्वांत मोठा आकार १७७ गुणिले १७७ घरांचा. माहिती कमी तेवढी घरं मोठी, आणि घरं मोठी तेवढा अंधारातही कोड स्पष्ट. मात्र क्रमांक एक, दोन, तीन असे ओळीनं देऊ नका, कुणीही पुढचा ओळखेल. ॲपकडून कसलाही क्रम नसलेले क्रमांक तयार करून घ्या.

कोड पांढऱ्यावर काळा छापा. गुलाबी कागदावर सोनेरी कोड देखणा दिसतो, पण कॅमेऱ्याला दोन्ही रंग सारखेच वाटतात. नटांच्या फोटोवर कोड छापू नका. आकार अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी नको. आणि कोडाखाली तोच क्रमांक ठळक आकड्यांत छापा. पुढे फाटकावर सगळं बंद पडलं, तर हे आकडेच कामी येतील.

पैसे घेण्याचा कोड आणि तिकिटाचा कोड एकाच टेबलावर लावू नका. घाईत माणूस भलताच कोड स्कॅन करतो. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगा: पैसे दिल्यावर तिकीट मिळण्यासाठी किंवा पैसे परत मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जाऊ शकतात.

आदल्या रात्री तालीम करा

नाटकाची तालीम होते, तशी फाटकाचीही व्हायला हवी, आणि ती रात्रीच, त्याच जागी, त्याच दिव्याखाली. सात खोटी तिकिटं काढा: दोन कागदाची, त्यातलं एक चुरगाळलेलं, तीन वेगवेगळ्या फोनांवर, एक व्हॉट्सॲपवरून चार वेळा फिरवलेलं, एक आधीच वापरलेलं. फाटकावर उभ्या राहणाऱ्या पोरांना ती वाचून बघू द्या. कुठला फोन अंधारात चांगला वाचतो ते तेव्हाच कळेल. महाग फोन चांगलाच वाचेल असं नाही.

मग ही तयारी मोजून घ्या:

- प्रत्येक फाटकावर दोन फोन, पूर्ण चार्ज, जोडीला पॉवर बँक.
- मंडळाचं ॲप उघडून कॅमेऱ्याची परवानगी तपासलेली.
- तिकिटांची यादी फोनात उतरवलेली आणि कागदावरही छापलेली.
- टेबलावर एक दिवा, एक स्वच्छ सुती फडकं, दोन पेनं.
- रांगेच्या बाजूला एक वेगळी जागा, जिथे अडलेलं तिकीट बघता येईल.
- त्या जागेवर एक जाणता माणूस, ज्याचा शब्द मंडळात चालतो.

शेवटच्या दोन ओळी सगळ्यात महत्त्वाच्या. फाटकावरच्या पोरानं एका तिकिटासाठी तीनदा प्रयत्न करावा: पहिल्यांदा एक वीत अंतरावरून, दुसऱ्यांदा चमक वाढवून, तिसऱ्यांदा दुसऱ्या फोननं. तरी झालं नाही तर त्या कुटुंबाला बाजूच्या टेबलाकडे पाठवावं आणि पुढच्याला घ्यावं. त्यामुळे रांग थांबत नाही, आणि अडलेल्या माणसाकडे शंभर डोळे लागत नाहीत.

काहीच चाललं नाही तर

बाजूच्या टेबलावर तो जाणता माणूस कोडाखालचा क्रमांक वाचेल, कागदावरच्या यादीत शोधेल, पेनानं खूण करेल आणि माणसाला आत सोडेल. कोडाखाली आकडे नसतील, तर तिकीट कुणाच्या नावानं, कुठल्या नंबरवरून घेतलं ते विचारेल आणि पैसे भरल्याचा संदेश बघेल. या कामाला कॅमेरा लागत नाही, नेट लागत नाही. नाटकाचं तिकीट फाडून देणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी इतकी वर्षं हेच केलं: समोरच्याकडे बघितलं, खूण केली, आत सोडलं.

सगळी पडताळणी करूनही एखाद्याचा हिशेब लागला नाही, तर काय करायचं हे मंडळानं आधीच ठरवून ठेवावं. माझं मत विचाराल, तर सोबत लेकरं घेऊन, थंडीत चालत आलेल्या माणसाला एका न लागलेल्या नोंदीपायी परत पाठवू नये. त्याचं नाव लिहून घ्या, आत बसवा, हिशेब सकाळी बघा. एक खुर्ची फुकट गेली तर मंडळाचं थोडं नुकसान होईल. भर रांगेत खोटा ठरवलेला खरा माणूस मात्र पुढच्या मंडईला येणार नाही, आणि घरी जाऊन आणखी चौघांना सांगेल.

त्या म्हाताऱ्याच्या फोनची चमक वाढवली, आपल्या फोनची काच दुपट्ट्यानं पुसली, एक वीत अंतर धरलं, आणि कोड वाचला गेला, की त्या पोरानं एवढंच म्हणावं, "झालं काकाजी, तुमचं तिकीट बराबर होतं, आमचाच फोन अडला होता. या, बसा." मागच्या रांगेलाही ते ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं.